अप्पांचा तलांतु

तुरीला फुलं आली की मला गावाकडे जावंसंही वाटतं आणि जाऊ नयेसंही वाटतं. बिदर सुटलं की बसच्या दोन्ही अंगांना पिवळं रान सुरू होतं. मध्येच जोंधळ्याचं हिरवं, मध्येच सोयाबीन काढून मोकळी पडलेली काळी पट्टी, आणि पुन्हा पिवळं. शेजारच्या सीटवरच्या पोरी मोबाईलवर त्याचे फोटो काढत असतात. मी खिडकीची काच लावून घेते. थंडी वाजते म्हणून सांगते आणि ते अगदीच खोटं नसतं, कारण या दिवसांत आमच्याकडे सकाळी अंगावर घोंगडं लागतं आणि दुपारी सावली शोधावी लागते. संतपूर मागे पडलं की मी पिशवी मांडीवर ओढून घेते. पुढच्या फाट्यावर उतरायचं असतं, आणि फाट्यावरून चालत गावात शिरताना डाव्या हाताला ती वाट दिसते. म्हणजे वाट दिसत नाही. तिथे जोंधळा उभा दिसतो.

मी कलबुर्गीला शाळेत कन्नड शिकवते. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात जी समोर येईल ती भाषा, असं आमच्या मुलखातल्या सगळ्यांचंच चालतं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण एकदा एका कन्नड शब्दाने आमच्या घरात जो गोंधळ घातला त्याची गंमत वाटावी की रडू यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा मी औरादच्या शाळेत होते आणि घरूनच जाऊन-येऊन करत होते. आमच्या वस्तीचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेली एक लांबट खोली. नाताळ जवळ आला की तिला चुना लागतो आणि दारावर पतंगी कागदाची चांदणी चढते. त्या वर्षी आम्हाला नवे पाळकसाहेब मिळाले होते. कमठाण्याकडचे, मातृभाषा कन्नड, आवाज असा की मागच्या रांगेत डुलकी घेणाऱ्याची पंचाईत व्हावी. मराठी ते बाजारात शिकले होते, त्यामुळे भाव करण्यापुरती उत्तम आणि उपदेशाला जरा तोकडी पडायची. शब्द अडला की ते बिनदिक्कत कन्नड शब्द ठेवून पुढे जायचे. आम्हीही त्यांच्यामागून जायचो.

त्या रविवारी त्यांनी चाकरांचा दृष्टान्त घेतला. धनी परदेशी निघतो, जाताना आपल्या चाकरांच्या हाती पैसे सोपवतो, कुणाला जास्त, कुणाला कमी. दोघं ते वाढवतात. ज्याला सगळ्यात कमी मिळालेलं असतं तो भिऊन ते जमिनीत पुरून ठेवतो, आणि धनी परत आल्यावर त्याला बोलणी खावी लागतात. आमच्या मराठी पुस्तकात तिथे सरळ रुपये आहेत. पण पाळकसाहेबांना रुपयांबद्दल बोलायचं नव्हतं, माणसाच्या अंगच्या गुणाबद्दल बोलायचं होतं. म्हणून त्यांनी कन्नड पुस्तकातला शब्द उचलला, तलांतु. देवाने प्रत्येकाला तलांतु दिलाय, कुणी पुरून ठेवू नका, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. हा कन्नड शब्द पुस्तकातच राहणारा. बाजारात, रानात तो कुणी बोलत नाही. दाराशी बसलेल्या माझ्या वडिलांना, अप्पांना, तो कधी कानावर पडलेलाच नव्हता. त्यांनी तो आपल्या परीने ऐकला. त्यांनी ऐकलं, ताल.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. भिंतीकडे बघत बसले. आईने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "म्या पुरून ठिवलाय."

"काय पुरून ठिवलंय?" आई घाबरलीच.

"देवानं दिल्याला ताल."

भिंतीवर, खुंटीला, जुन्या गोणपाटात गुंडाळलेली हलगी होती. ती आमच्या घरात कुणी खाली काढत नसे आणि तिच्याबद्दल बोलतही नसे. आमच्या घराण्याकडे गावाची हलगी होती. गावात कुठल्याही थोरल्या घरात मयत झाली की सांगावा यायचा आणि आमच्या माणसांनी मयतीच्या पुढे वाजवत जायचं. दवंडी असो, जत्रा असो, हलगी आमची आणि हुकूम त्यांचा. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तरी सांगावा यायचा थांबला नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. अप्पांनी ती सोय करून घेतली. तरणेपणी एकदा आलेल्या माणसाला त्यांनी तोंडावर नाही म्हटलं, हलगी गुंडाळून टांगली, आणि त्या सुगीत आमच्या घरातल्या कुणाला गावाने रानात पाऊल ठेवू दिलं नाही. आई सांगते, त्या वर्षी तिने बाभळीच्या शेंगासुद्धा उकडून बघितल्या. तेव्हापासून हलगी म्हणजे आमच्या घरी न बोलायची गोष्ट. ती टाकूनही दिली नाही, कारण आजोबांनी तिचं कातडं स्वतःच्या हाताने चढवलं होतं.

मी शिक्षिका असल्यामुळे मला चूक दिसली की गप्प बसवत नाही. मी अप्पांना समजावून सांगितलं की तो ताल नव्हे, तलांतु, आणि तलांतु म्हणजे जुन्या काळातले पैसे. त्यांनी मन लावून ऐकून घेतलं. मग जरा हिरमुसून म्हणाले, "पैसे व्हय? मग त्यो दृष्टान्त आपल्यासाठी न्हाई. आपल्या हाती पैसे दिऊन कोण गावाला जायलाय?"

सालोमी एवढी हसली की तिला ठसका लागला. सालोमी माझी धाकटी बहीण. घरात मी वाचणारी आणि ती गाणारी, अशी वाटणी लहानपणीच झाली होती. माझ्या गळ्यात सूर नाही आणि हातात ताल नाही, टाळ्या वाजवतानाही मी सगळ्यांच्या मागून वाजवते. तिला मात्र निंदायला गेली तरी ओवी सुचायची. ठसका थांबल्यावर ती म्हणाली, "अक्का, तू कन्नड शाळंत शिकीव. अप्पाला बरोबर ऐकू आलंय." आणि उठून तिने खुंटीवरचं गोणपाट खाली काढलं.

हलगी थंडीत मुकी होते. कातडं सैल पडतं, काठी मारली तर भिजल्या पोत्यासारखा आवाज येतो. आधी तिला शेकावं लागतं. संध्याकाळी अंगणात गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा जाळ केला. अप्पा हलगी जाळावर धरून फिरवत होते, मध्येच बोटाने टिचकी मारून कान देत होते, पुन्हा फिरवत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकदम तिचा आवाज फुटला, कडक, खणखणीत, आणि आई पदर कानावर घेऊन आत निघून गेली. तिला त्या आवाजात काय ऐकू आलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. सालोमी जाळाच्या पलीकडे उभी राहून गायला लागली. ओवी तिचीच होती:

गोठ्याच्या ग दाराशी कुणी लावियला दिवा
तान्ह्या बाळाच्या अंगाला माझा पदर पुरावा

अप्पांनी ताल धीमा केला. मयतीची हलगी धावते, ही चालायला लागली.

नाताळाच्या आधीच्या त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या असाव्यात. काठीला कागदाची चांदणी बांधून पुढे पोरं, मागे बाया, मध्ये अप्पा आणि सालोमी. चर्चमधल्या काही मोठ्या माणसांनी कुरकुर केली. प्रभूच्या जन्माला मयतीचं वाद्य कशाला, एवढी पिढ्यांची लाज आपल्या हाताने परत गळ्यात घालायची का, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. माझंही मन अर्धं त्यांच्याच बाजूला होतं. पाळकसाहेबांनी तलांतुचं काय झालं ते ऐकलं तेव्हा ते आधी मोठ्याने हसले, मग डोळे पुसून म्हणाले की असू दे, दोन्हींत फरक फार नाही. वस्ती झाली, मग आम्ही गावातल्या मोठ्या गल्लीपर्यंत गेलो. बायका दारात आल्या. ज्यांच्या रानातून आमच्या कबरस्तानाची वाट जाते त्या शिवराज अण्णांचे म्हातारे वडील ओट्यावर बाजेवर बसले होते. दिवस मावळेपर्यंत ते मान डोलवत ऐकत होते.

शिवराज अण्णा. अप्पांहून वयाने बरेच लहान, पण अप्पा त्यांना अण्णा म्हणायचे आणि ते अप्पांना योहान्या म्हणायचे. अप्पांचं नाव योहान. गावात आमच्या माणसांच्या नावाला असं शेपूट लावायची रीत आहे. लहानपणी आम्हा दोघी बहिणींना त्यांच्याच रानात हुरडा खायला मिळाला होता, तोही पोटभर, हेही सांगितलं पाहिजे. फक्त आम्ही बांधावर बसून खायचो.

त्या वर्षी त्यांनी वाट नांगरून तिथे जोंधळा पेरला होता. गाडीवाट होती, जुनी, आजोबांच्याही आधीची. पेरलेलं आम्ही बघितलं होतं. सुगी झाली की बोलू, असं मोठी माणसं म्हणाली होती. तोवर कुणाला गरज पडेल असं कुणाच्या मनात नव्हतं.

नाताळ झाला आणि सालोमीला ताप आला. साधा वाटला. मग ती बरळायला लागली, मग बिदरला नेलं, मग डॉक्टरांनी मान हलवली. अजून करंज्यांचा डबा संपला नव्हता. मी हे भराभर लिहिते आहे, कारण सावकाश लिहायला गेले तर पुढचं लिहून होणार नाही.

दुपारी आम्ही सालोमीची पेटी खांद्यावर घेऊन कबरस्तानाकडे निघालो. रानाच्या तोंडाशी शिवराज अण्णा आणि त्यांचे दोघं भाऊ उभे होते. जोंधळा पुरुषभर उंच झाला होता, कणसं दुधात होती. पाळकसाहेब बोलायला पुढे झाले, पण अप्पांनी त्यांना हाताने थांबवलं. गळ्यात हलगी होती. चर्चमधल्या कुणी त्या दिवशी कुरकुर केली नाही.

"अण्णा," अप्पा म्हणाले, "पोर हाय. हलकी हाय. एका वळीनं जाताव. एक धाट मोडणार न्हाई."

शिवराज अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हते. पेटीकडेही नाही. जोंधळ्याकडे बघत म्हणाले, "माझं काय न्हाई, योहान्या. भाऊ ऐकनात. पीक निघू दे, मग बघू."

पीक निघू दे. जणू सालोमीला उन्हाळ्यापर्यंत थांबता येणार होतं. मला ओरडायचं होतं. कुणीतरी मागून म्हणालं, ओढ्याने जाऊ. आम्ही वळलो.

ओढ्याला पाणी थोडं होतं, पण गाळ फार. पेटी धरलेल्या माणसांचे पाय घसरायला लागले, एक बाजू खाली गेली, आई किंचाळली. तेव्हा अप्पांनी हलगीवर काठी टाकली. मयतीची धावती हलगी नव्हे आणि नाताळाची चालतीही नव्हे. एक ठोका, मग पुढचा पाय टाकायला पुरेल एवढी जागा, मग एक ठोका. माणसांचे पाय त्या ठोक्यावर पडायला लागले. सगळे एकदम उचलायचे, सगळे एकदम टेकायचे. पेटी सरळ झाली. पाळकसाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक कोपरा खांद्यावर घेतला होता. मीही चालत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं माझं पाऊल तालात पडलं. अप्पा रडत नव्हते. त्यांना ठोका चुकवून चालणार नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. तुरीच्या शेंगा वाळल्या, खळ्यांवर बडवण्याचे आवाज यायला लागले. चर्चच्या दारावरची चांदणी फाटून लोंबत होती, ती कुणी काढली नाही. मला प्रार्थना जमेना. गुडघे टेकले की तोंडात एकच यायचं, की तू तिला गळा दिलास आणि आम्हाला वाट दिली नाहीस, असा कसला तू धनी? पाळकसाहेबांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले की हेच रोज बोल, हीसुद्धा प्रार्थनाच आहे. मला ते पटलं नाही. पण दुसरं काही बोलता येत नव्हतं, म्हणून तेच बोलत राहिले.

जोंधळा कापणीला आला आणि शिवराज अण्णांचे वडील वारले. सकाळी त्यांच्याकडचा गडी आमच्या दारात आला आणि अण्णांनी हलगी घेऊन बोलावलंय म्हणाला. नाताळाच्या फेरीपासून योहान्याची हलगी खुंटीवरून उतरल्याचं गावाला माहीत झालं होतं. आई चुलीपाशी तशीच उभी राहिली. नाही म्हटल्यावर काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि हो म्हणावं तर कुणासाठी म्हणावं? मी अप्पांकडे बघत होते. मला वाटत होतं त्यांनी त्या गड्याला हाकलून द्यावं. गावभर ऐकू जाईल अशा आवाजात हाकलावं.

अप्पांनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाले, "अण्णाला सांग, योहान यायलाय. हलगी येत न्हाई."

त्यांनी चर्चला घालायचा पांढरा सदरा घातला. मी आडवी आले. कामून जायलाव, अप्पा, असं मी विचारलं, आणि आवाज चढवूनच विचारलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्यानं सालूचं गाणं ऐकलं हुतं. मान डोलवून ऐकलं हुतं." एवढं बोलून ते निघाले.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेले. आमच्या घराण्यातला माणूस मयतीच्या पुढे चालायचा. अप्पा त्या दिवशी गर्दीत मागे, सगळ्या माणसांसारखे, रिकाम्या हाताने चालत होते. लोक वळून बघत होते. कुणीतरी विचारलं, हलगी कुठाय. अप्पांनी सांगितलं की घरी हाय. शिवराज अण्णांनी त्यांना पाहिलं. आता काहीतरी होणार म्हणून मी दोन पावलं पुढे सरकले. ते म्हणाले, "ये, योहान." नावाचं शेपूट गळून पडलं होतं. बाकी काही झालं नाही.

मला वाटलं होतं, आता वाट मिळेल. मी त्या वयाची होते. कापणी झाली, कडबा निघाला, आणि धसकटांतून जुनी गाडीवाट पुसट दिसायला लागली. अप्पा रोज संध्याकाळी त्या वाटेने सालोमीकडे जायचे. उन्हाळा सरता सरता ती पुन्हा नांगरली गेली. पुढच्या वर्षी पुन्हा जोंधळा. तेव्हापासून दर वर्षी हेच. पीक निघालं की वाट आहे, पीक आलं की नाही. आमच्या माणसांनी तेवढे महिने मरू नये, अशी व्यवस्था आहे.

मी अर्ज लिहायला लागले. नकाशात वाट आहे, रानात नाही, एवढंच मला सांगायचं असतं, पण कचेरीत ते चांगल्या कन्नडमध्ये सांगावं लागतं. साहेब बदलतात, नवे साहेब येतात, अर्ज पुन्हा मागतात. मी पुन्हा लिहिते. बघायला माणूस येतो तो नेमका उन्हाळ्यात येतो, आणि वाट तर मोकळीच आहे की, म्हणून जातो. माझा नवरा म्हणतो, सोडून दे आता. चिडले की मीही तेच म्हणते. सालोमीच्या कबरीवर एक शब्द लिहायचा होता, आशा. मी अडवला. वाट मिळाली की लिहू म्हटलं. दगड अजून कोरा आहे.

या खेपेला गेले तर अप्पा अंगणात उन्हाला बसले होते. आता त्यांचे हात थरथरतात, काठी धरवत नाही. आई गेली तिलाही चार वर्षं झाली. ती गेली भर उन्हाळ्यात, वाटेने गेली. अप्पा म्हणतात, तिला वेळ साधायला जमायचं. नाताळ जवळ आलाय, म्हणून वस्तीतल्या पोरींनी हलगी शेकायला नेली होती. दोघीजणी वाजवायला शिकल्यात आणि बऱ्या वाजवतात. अप्पांच्या डॉक्टरांनी येताना मला बिदरलाच सांगितलं होतं की यंदाच्या थंडीत त्यांना जपा. आल्या वाटेने बघितलं होतं, जोंधळा गुडघ्याच्या वर आलाय.

मी जेवणं झाल्यावर ओसरीवर कागद घेऊन बसले. अप्पांनी विचारलं काय लिहायलीस. त्यांना माहीत असतं, तरी विचारतात. मी सांगितलं, वाटेचा अर्ज. ते माझ्या लिहित्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले की तुला गळा न्हाई, हात न्हाई, तुला देवानं काय दिलंय ते मला कळंना झालं हुतं. आणि मग हसले.

"ह्योच तुझा ताल दिसतोय," ते म्हणाले.

मी मान खाली घालून लिहीत राहिले, कारण वर बघितलं असतं तर कागद भिजला असता. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पोरींची हलगी शेकून झाली असावी. तिचा पहिला कडक आवाज आला. अप्पांची बोटं मांडीवर हलायला लागली, थरथरत, पण ठोका चुकत नव्हता. एक ठोका, मग पाऊल टाकायला जागा, मग एक ठोका.

"अप्पा," मी म्हटलं, "यंदा तरी देतील का ते?"

"तू लिही," अप्पा म्हणाले. "वाट होईस्तोर थांबतो मी."